विजेच्या जुन्या ट्रॉलींचं संग्रहालय : फेरी माराच, पण मागच्या शेड चुकवू नका

खडखडाट (धागाकर्ता)

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडात भटकायला आलेली आपली मंडळी मेन राज्यात हमखास येतात. दीपगृहं बघतात, लॉबस्टर खातात (किंवा खाणाऱ्यांकडे बघतात) आणि परत फिरतात. त्याच वाटेवर केनेबंकपोर्टला सीशोअर ट्रॉली म्युझियम आहे (ट्रॉली म्हणजे अमेरिकेतली ट्राम), तिकडे फार कोणी वळत नाही. जे वळतात तेही एक फेरी मारून, फोटो काढून पाऊण तासात बाहेर पडतात. ही हळहळ बरेच दिवस मनात होती, म्हणून धागा काढतोय. मुंबईच्या ट्रामसाठी वेगळा धागा काढू. इथे तो विषय निघाला की सगळे तिकडेच जाणार, मीसुद्धा.

आधी थोडा इतिहास. १९३९ साली शेजारच्या बिडफर्ड आणि साको या गावांमधल्या ट्रॉली बंद करून बस आणायचं ठरलं. रेल्वेचं वेड असलेल्या काही तरुणांनी तिथली ३१ नंबरची गाडी १५० डॉलरला विकत घेतली. १९०० साली फिलाडेल्फियाच्या ब्रिल कंपनीने बांधलेली ही उघडी गाडी. बाजूंना भिंती नाहीत, नुसती आडवी बाकं. पैसे गोळा करायला कंडक्टरने बाहेरच्या फळीवरून, दांड्यांना धरून, चालत्या गाडीत पुढे सरकायचं. गाडी घेतली खरी, पण ठेवणार कुठे? जिथे पूर्वी अटलांटिक शोअर लाइनच्या ट्रॉली धावायच्या, तिथेच जमीन मिळाली. आज तिथे अडीचशेच्या वर गाड्या आहेत, आणि त्याच जुन्या मार्गावर नव्याने रूळ टाकून साधारण दीड मैल जाऊन परत आणतात. विजेवरच्या गाड्यांचं जगातलं हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं संग्रहालय.

फेरीला बसताना एकच सांगणं: खिडकी पकडायची घाई करू नका, बाहेर झाडंच आहेत. मोटरमनच्या पाठीमागची जागा पकडा. त्याचा डावा हात कंट्रोलरच्या हँडलवर असतो, उजवा ब्रेकवर. डावा हात एकेक खाच पुढे सरकतो, दर खाचेला गाडी किंचित हिसका देते. मध्येच खालून धडधड सुरू होते आणि आपोआप थांबते, तो ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर. पायाखाली घंटेचं बटण. स्टिअरिंग नाही हे माहीत असूनही वळणावर आपले डोळे ते शोधतातच.

फेरी झाली की बहुतेक लोक दुकानाकडे वळतात. तिथे न वळता मागे जा. लोकांसाठी खुल्या असलेल्या तीन मोठ्या कारशेड आहेत. नागासाकी, सिडनी, बुडापेस्ट, ग्लासगो, कुठकुठल्या गाड्या तिथे एकमेकींना खेटून उभ्या आहेत. मॉन्ट्रियलची एक सहलीची गाडी आहे, तिला छप्परच नाही, आणि बाकं नाट्यगृहासारखी मागे मागे चढत गेलेली. काही गाड्या लखलखीत आहेत. काहींचा रंग पोपडे धरून उडालाय, काचा नाहीत, जमीन उचकटलेली. माझ्या मते खरं संग्रहालय हेच. रंगवून तयार झालेली गाडी बघून ती सुंदर होती एवढं कळतं. ती बांधली कशी, हे उघड्या पडलेल्या गाडीतच दिसतं: लाकडी सांगाडा, त्याला वाक यायला लागलाय म्हणून घातलेले लोखंडी ताण, पाण्याने कुजलेला नेमका तोच कोपरा.

वर्कशॉपही चुकवू नका, वरच्या सज्जातून काम बघता येतं. मी गेलो तेव्हा एका गाडीच्या छताचं काम चाललं होतं. लाकडाच्या पातळ पट्ट्या शेजारी शेजारी ठोकलेल्या, त्यावर कॅनव्हास ताणून बसवायचा आणि वर रंगाचे थर. जुन्या लाकडी गाड्यांची छतं अशीच असत. खालच्या पत्र्यावर कोणीतरी बशीएवढा भाग हळूहळू घासला होता आणि कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी रंगांची वर्तुळं उमटली होती: बाहेर क्रीम, आत नारिंगी, मग हिरवा, मग गडद लाल. मूळ रंग कुठला ते असं शोधतात. मी त्या वर्तुळाकडे फेरीपेक्षा जास्त वेळ बघत होतो, बायकोला विचारा.

---

सातवीण

छान लिहिलंय. पण थोडी विरुद्ध बाजू मांडते. आम्ही दुसऱ्या एका संग्रहालयात गेलो होतो, नाव घेत नाही. दोन मुलं, एक सहा वर्षांचा, एक दहाची. फेरी आवडली. नंतर त्या मागच्या गंजलेल्या गाड्यांच्या रांगा बघून मुलगी म्हणाली, हे भंगारवाल्याचं अंगण आहे का? दोरी लावलेली, आत जाता येत नाही, पाटीवर नुसता नंबर आणि साल. मला स्वतःलाही काय बघायचं ते कळलं नाही. स्वयंसेवक आजोबा दूर खुर्चीवर पेपर वाचत होते. या गाड्या दुरुस्त करायच्या नसतील तर ठेवतात कशाला?

---

खडखडाट

@सातवीण, प्रश्न रास्त आहे. पाटी वाईट असेल तर दोष संग्रहालयाचाच. पण त्या आजोबांना उठवायचं! या जागा बहुतेक स्वयंसेवकांवर चालतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही हेच त्यांचं दुःख असतं. "यातली तुमची आवडती कुठली?" एवढं विचारा. मग तुमचाच पाय निघत नाही.

ठेवतात कशाला, तर एक उदाहरण सांगतो. सीशोअरलाच 'नार्सिसस' नावाची गाडी आहे. मेनमधल्याच पोर्टलंड आणि लुइस्टन या गावांमध्ये धावणाऱ्या विजेच्या रेल्वेची. त्या कंपनीने गाड्यांना फुलांची नावं दिली होती. १९१२ साली न्यू हॅम्पशरमधल्या लकोनियात बांधलेली. १८ ऑगस्ट १९१४ ला थिओडोर रूझवेल्ट तिच्यातून गेले, तेव्हा ते माजी राष्ट्राध्यक्ष होते. १९३३ साली मार्ग बंद झाला. मग चाकं, मोटर सगळं गेलं आणि उरलेल्या डब्याचं तळ्याकाठी सुट्टीतलं घर झालं! अनेक वर्षं लोक त्यात राहिले. संग्रहालयाने तो डबा १९६९ साली आणला, म्हणजे रूझवेल्ट बसले त्याला तेव्हा पंचावन्न वर्षं होऊन गेली होती. त्यानंतरही कित्येक वर्षं तो नुसता पडून होता, मग कुठे पैसे आणि माणसं जमली आणि काम सुरू झालं. तुमच्या मुलीने तो त्या काळात बघितला असता तर भंगारच म्हणाली असती, आणि तिचं चुकलंही नसतं.

अमेरिकेत ट्रॉली बंद पडल्यावर असे शेकडो डबे विकले गेले. कुणी घर केलं, कुणी खाणावळ काढली, कुणी कोंबड्या ठेवल्या. आज ज्या लाकडी गाड्या उरल्यात त्यातल्या बऱ्याच अशा वाचल्या आहेत, कारण डोक्यावर कुणीतरी दुसरं छप्पर घातलं होतं.

---

तारयंत्र

विजेचा माणूस आहे, राहवत नाही. खडखडाट यांनी हिसका म्हटलाय तो काय आहे ते सांगतो, म्हणजे मोटरमनच्या मागे बसल्यावर मजा दुप्पट होईल.

वरच्या तारेत साधारण ६०० व्होल्ट डीसी. छतावरचा दांडा ती वीज खाली आणतो, मोटरमधून जाऊन ती चाकांवाटे रुळांत उतरते आणि परत जाते. म्हणून तार एकच पुरते. आता उभ्या गाडीच्या मोटरला एकदम ६०० व्होल्ट दिले तर प्रवाह इतका वाढेल की मोटर जळेल, नाहीतर माणसं पडतील. त्यावर उपाय असा: सुरुवातीला दोन मोटर एकसर, म्हणजे एकीमागे एक, जोडतात, त्यामुळे प्रत्येकीला ३०० च मिळतात, आणि सोबत प्रवाह अडवणारा रोध घालतात. एकेका खाचेला थोडा थोडा रोध काढत जायचं. सगळा रोध निघाला की ती पहिली 'धावण्याची' खाच, तिथे हँडल ठेवून आरामात जाता येतं. पुढची खाच ओलांडली की मोटर समांतर होतात, प्रत्येकीला पूर्ण ६०० मिळतात, पुन्हा रोध येतो आणि पुन्हा एकेक करत निघतो. अधल्यामधल्या खाचांवर रेंगाळायचं नाही, कारण तेव्हा वीज रोधांमध्ये उष्णता होऊन वाया जाते आणि ते तापतात. म्हणून चांगला मोटरमन ठरावीक लयीत टक, टक, टक करत पुढे जातो आणि नवशिका कुठेतरी अडकून बसतो. आवाजावरूनच ओळखता येतं.

दांड्याकडेही बघा. त्याच्या टोकाला खाच असलेलं चाक किंवा बूट असतो आणि स्प्रिंग त्याला तारेवर दाबून धरते. वळणावर तारेवरून निसटला तर तो ताडकन वर उडून तारा तोडू शकतो. म्हणून मागच्या बाजूला दोरीचा डबा असतो, झटका बसताच तो दोरी गुंडाळून दांडा खाली ओढतो. ज्या मार्गाच्या टोकाला वळसा नाही तिथे कंडक्टर खाली उतरून दांडा फिरवतो, नाहीतर एक खाली घेऊन दुसरा वर चढवतो. आत बाकांच्या पाठी धडाधड उलट्या दिशेला ढकलल्या जातात. हे काम मुलांना करू दिलं तर ती खूश.

आणि हे सगळं नीट जमवलं ते फ्रँक स्प्रेगने, १८८८ साली व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये. त्याआधी बर्लिनजवळ लिख्टरफेल्डला सीमेन्सने १८८१ मध्ये विजेची ट्राम चालवली होती. पण चढउतारांच्या अख्ख्या शहरात डझनावारी गाड्या एकाच वेळी धावू शकतात हे रिचमंडने दाखवलं, आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकाभर गाड्या ओढणारे घोडे सुटले.

---

बोरूबहाद्दर

वा, तारयंत्र! शाळेत एकसर-समांतर जोडणी अशी शिकवली असती तर मी आज बँकेत नसतो.

---

उंटावरचा_शहाणा

सगळं ठीक आहे, पण मूळ गोष्ट कोणी बोलत नाहीये. इतकी चांगली व्यवस्था गेली कशी? जनरल मोटर्सने ट्रॉली कंपन्या विकत घेतल्या, रूळ उखडले आणि बस विकल्या. कोर्टात सिद्ध झालंय. या संग्रहालयांनी दारातच हे लिहायला हवं.

---

बोरूबहाद्दर

@उंटावरचा_शहाणा, कोर्टात काय सिद्ध झालं ते नीट बघू. नॅशनल सिटी लाइन्स नावाची कंपनी शहरोशहरीच्या ट्रॉली कंपन्या घेत होती. तिच्यात जनरल मोटर्स, फायरस्टोन, स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया, फिलिप्स पेट्रोलियम, मॅक यांचा पैसा होता. १९४९ साली शिकागोत ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं, ते या कंपन्यांना बस आणि इतर माल विकण्याची मक्तेदारी करायचा कट केला म्हणून. शहरांची वाहतूकच ताब्यात घेण्याचा कट केला, या दुसऱ्या आरोपातून ते सुटले. जनरल मोटर्सला दंड झाला ५,००० डॉलर. हसावं की रडावं ते तुम्ही ठरवा.

पण तोवर धंदा आधीच खिळखिळा झाला होता. नगरपालिकांशी केलेल्या करारांत भाडं बहुतेक ठिकाणी पाच सेंटला बांधलेलं. पहिल्या महायुद्धात पगार आणि कोळसा महागला, भाडं तिथेच. वर रुळांमधला आणि कडेचा रस्ता दुरुस्त करायची जबाबदारीही कंपनीवर, म्हणजे ज्या मोटारींनी गिऱ्हाईक पळवलं त्यांच्यासाठी रस्ता ट्रॉलीने करून द्यायचा! त्यातच १९३५ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे वीज कंपन्यांना आपले ट्रॉलीचे धंदे सोडून द्यावे लागले. स्वस्त विजेचा आणि भांडवलाचा आधार गेला. बिडफर्ड-साकोला कुठला कट होता? तिथेही बस आलीच.

---

उंटावरचा_शहाणा

म्हणजे मेलेल्याला मारलं म्हणता. तरी मारलंच ना.

---

खडखडाट

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, आणि याचा पुरावा शेडमध्येच उभा आहे. दोन गाड्या शोधा.

एक बर्नी. छोटीशी, चारच चाकांची, पहिल्या महायुद्धाच्या काळातली. पैसे वाचवायला कंडक्टर काढून टाकला, एकच माणूस गाडी चालवणार आणि भाडंही घेणार. तो माणूस मध्येच कोसळला तर? म्हणून हँडलवरचा हात सुटला की वीज बंद आणि ब्रेक आपोआप लागतात. दारही ब्रेकशी जोडलेलं. कल्पना सुंदर, पण गाडी हलकी आणि आखूड, त्यामुळे खराब रुळांवर पुढेमागे डोलायची. चार पैसे वाचवण्यासाठी चाललेली धडपड त्या गाडीत बसल्याबसल्या कळते.

दुसरी पीसीसी. १९२९ साली ट्रॉली कंपन्यांच्या अध्यक्षांनी समिती नेमली (प्रेसिडेंट्स कॉन्फरन्स कमिटी, तीच पीसीसी): मोटारीला टक्कर देईल अशी गाडी बनवा. १९३६ मध्ये ब्रुकलिनला पहिल्या गाड्या धावल्या. गोलसर अंग, चाकांत रबर, हातातल्या हँडलऐवजी पायाखाली पेडल, आणि वेग असा अलगद वाढतो की उभा माणूस हलत नाही. तारयंत्र यांनी सांगितलेल्या त्या टक टक खाचा इथे यंत्रच ओलांडतं. उत्तर अमेरिकेत सुमारे ५,००० झाल्या. त्याच परवान्यावर चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्राने काम सुरू केलं आणि त्यातून पुढे टी३ आली, ती जवळजवळ १४,००० बनली. अमेरिकेने टाकलेली गाडी पूर्व युरोपने डोक्यावर घेतली. हातपाय गाळून बसलेला धंदा अशी गाडी बनवत नाही, एवढंच माझं म्हणणं. पुढे निकाल काय लागला तो सगळ्यांना माहीत आहे.

---

आजीचा_चष्मा

दोन व्यावहारिक प्रश्न. आईबाबा सत्तरीपुढचे, त्यांना घेऊन जावं का? आणि गाडीशिवाय पोचता येतं का?

---

खडखडाट

जुन्या गाड्यांची पहिली पायरी उंच असते, गुडघे दुखत असतील तर त्रास होतो. कुठली गाडी चढायला बरी ते तिकीटखिडकीवर विचारा, आणि चाकाची खुर्ची असेल तर निघण्याआधी फोन करा. आवारात खडी आहे, बूट घाला. तिकिटात फेरी धरलेली असते, त्यामुळे आईबाबांना गाडीत बसवून तुम्ही शेड बघू शकता.

बॉस्टनहून डाउनईस्टर रेल्वे जवळच्या वेल्स गावाला थांबते, पण तिथून पुढे टॅक्सी लागते. आपली गाडी असलेली बरी, साधारण दीड-पावणेदोन तास. हिवाळ्यात फेऱ्या नसतात. साधारण मे ते ऑक्टोबर धरा आणि कुठल्या वारी उघडं आहे ते बघूनच निघा. जूनमध्ये गेलात तर डास चावतील, मेनचे डास म्हणजे खेळ नव्हे. मला विचाराल तर सप्टेंबर.

---

सातवीण

मेनला जाणं लगेच होणार नाही. दुसरीकडे कुठे बघण्यासारखं आहे? या वेळी आजोबांना उठवीन म्हणते.

---

तारयंत्र

कनेटिकटमध्ये ईस्ट हेवनला शोअर लाइन ट्रॉली म्युझियम आहे, १९४५ पासूनचं. तिथला मार्ग नवा टाकलेला नाही, जुन्या काळापासून चालू असलेलाच आहे. खाडीकाठच्या दलदलीतून गाडी जाते, बाहेर बघण्यासारखं आहे. पण त्या जागेची किंमतही मोजली त्यांनी. २०११ च्या आणि २०१२ च्या वादळांत समुद्राचं पाणी शेडमध्ये शिरलं. खारं पाणी मोटरच्या गुंडाळ्यांत गेलं की नुसतं वाळवून भागत नाही, मोटर काढून, धुऊन, भाजून पुन्हा इन्सुलेशन करावं लागतं. नंतर त्यांनी उंचावर नव्या शेड बांधल्या. तिथे गेलात तर पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, हात करून दाखवतील.

पेनसिल्व्हेनियात वॉशिंग्टन गावाला एक आहे. तिथे पिट्सबर्गच्या रुंद रुळांवरच गाड्या चालवतात, दोन रुळांमधलं अंतर ५ फूट २½ इंच. नेहमीच्या रेल्वेचं ४ फूट ८½ इंच. त्यामुळे बाहेरची गाडी आणली की आधी तिची चाकं बदला. टोरोंटोचं अंतर तिसरंच, ४ फूट १० आणि सात-अष्टमांश इंच, म्हणून तिकडच्या गाड्या बघायला ओंटारियोतल्या हॉल्टन काउंटीच्या संग्रहालयात जावं. काही संग्रहालयांत फी भरली की शेजारी माणूस उभा करून तुम्हालाच गाडी चालवायला देतात.

---

बोरूबहाद्दर

शिकागोकडच्यांसाठी युनियन गावातलं इलिनॉय रेल्वे म्युझियम, तिथे एक दिवस पुरत नाही. आणि संग्रहालयात जायचंच नसेल तर न्यू ऑर्लिन्सच्या सेंट चार्ल्स मार्गावर १९२० च्या दशकातल्या गाड्या आजही रोजच्या प्रवाशांना घेऊन धावतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या एफ मार्गावर पीसीसी आणि मिलानच्या १९२८ च्या गाड्या आहेत. बॉस्टनमध्ये मॅटापॅनकडे जाणाऱ्या छोट्या मार्गावरही पीसीसी रोजच्या कामाला आहेत.

---

आजीचा_चष्मा

सॅन फ्रान्सिस्कोत मी त्या मिलानवाल्या गाडीत बसलेय! इटालियन पाट्या तशाच ठेवल्यात आणि बाकं लाकडी, लांबच लांब, भिंतीला लावलेली. ब्रेक लागला की ओळीतले सगळे एकदम शेजारच्यावर.

---

उंटावरचा_शहाणा

सप्टेंबरात सीशोअरला जायचा विचार आहे. बोरूबहाद्दर, तुम्ही बॉस्टनलाच असता ना? येता का? वाद गाडीत बसून पुरा करू.

---

बोरूबहाद्दर

येतो. मोटरमनच्या मागची जागा माझी.

---

खडखडाट

दुसऱ्या शनिवार-रविवारी मीही येऊ शकतो. कोण कोण येणार ते इथेच लिहा. पाच-सहा जण झालो तर वर्कशॉपमधल्या कोणाशी बोलता येईल का ते आधी विचारून ठेवतो. @तारयंत्र, तुम्ही याच, खाचांबद्दल तुम्हालाच बोलायचंय.

---

तारयंत्र

यायचं आहे. शनिवार जमेल, रविवार नाही.